नळीच्या आत औषध नसतं

मी टेम चालवतो. टेम म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोतानं बघणारं यंत्र. पुण्यातल्या एका संस्थेच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत ते धूड उभं आहे आणि गेली १८ वर्षं त्याच्यासमोर मी बसलेलो आहे. बाहेर पीएमटीची बस ब्रेक मारून थांबली की पडद्यावरचं चित्र हलतं, म्हणून नाजूक नमुने मी संध्याकाळी सातनंतर घेतो. शिक्षण बीएस्सी फिजिक्स. पेपरवर माझं नाव नसतं. शेवटी आभारात असतं, तेही बऱ्याचदा आडनाव चुकवून.

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीचा, व्हिडिओ टाकला. एक काळी नळी रक्तातून पाणबुडीसारखी पोहत चालली आहे, तिच्या पोटात लाल गोळ्या खच्चून भरलेल्या, कॅन्सरची पेशी दिसली की नळीचं झाकण उघडतं आणि गोळ्या भसाभस आत. खाली भाचीचा प्रश्न: "मामा, तू रोज हेच बघतोस ना? एकदा दाखव की." ती बारावीला आहे. तिला मी लिहिलं, "बघतो नळ्याच, पण हे नाही." त्यावर तिनं नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. तर हे तिच्यासाठी.

ते चित्र माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे. साधारण २००९ पासून पाच-सहा वर्षं आमच्याकडे फार्मसीच्या मुलांची रीघ लागली होती. प्रत्येकाच्या थीसिसच्या पहिल्या प्रकरणात हेच चित्र, फक्त गोळ्यांचा रंग वेगळा. आणि प्रत्येकाची मागणी एकच: "सर, नळीच्या आत औषध गेलेलं दिसतंय असा एक फोटो मिळाला की झालं, गाईडनं सांगितलंय."

आधी नळीबद्दल. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे थर. त्यातला एक थर सुटा केला तर अणूंची षटकोनी जाळी मिळते, खुराड्याला लावतात तशी. ती गुंडाळली की नळी. एकच थर असेल तर नळी एकेरी भिंतीची, जाडी १ ते २ नॅनोमीटर. एकात एक अशा पाच-दहा-पंधरा नळ्या असतील तर अनेक भिंतींची, ती १० ते ५० नॅनोमीटरपर्यंत जाते. माणसाचा केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाची उपमासुद्धा इथे फारशी कामाची नाही. लांबी मात्र कितीही. काही नळ्या जाडीच्या हजारपट लांब असतात.

या नळ्या जगाला माहीत झाल्या त्या आमच्याच बिरादरीतल्या माणसामुळे, हे मी प्रत्येक नव्या मुलाला ऐकवतो. १९९१ मध्ये जपानात, त्सुकुबाला एनईसी या कंपनीच्या प्रयोगशाळेत, सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर जमलेला काळा साका टेमखाली ठेवला आणि त्यांना भिंतींच्या समांतर रेघा दिसल्या. दोन रेघांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर, ग्रॅफाइटच्या थरांमधलं असतं तेच. खरं तर १९५२ मध्ये रादुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन रशियनांनी पोकळ कार्बन धाग्यांचे फोटो छापले होते, पण ते रशियन भाषेत, शीतयुद्धाच्या काळात. कोण वाचणार!

(कापरापासूनही या नळ्या होतात. नागोयात मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी ते करून दाखवलं. आमच्याकडच्या एका मुलानं तो प्रयोग रविवार पेठेतून आणलेल्या कापरावर केला. नळ्या बऱ्या आल्या होत्या, पण आठवडाभर त्याच्या जर्किनला आरतीचा वास येत होता.)

आता आतलं औषध. पहिली अडचण जागेची. ही मुलं बहुतेक डॉक्सोरुबिसिन वापरतात, कॅन्सर वॉर्डात ज्याला लाल इंजेक्शन म्हणतात ते. औषध जुनं आणि जोरकस, पण हृदयाच्या स्नायूला धक्का देतं, त्यामुळे एका माणसाला आयुष्यभरात एकूण किती द्यायचं याची मर्यादा डॉक्टर सांभाळतात. म्हणूनच तर ते वाहून नेणारं काहीतरी हवं, की जे हृदयाला चुकवून गाठीपर्यंत जाईल. पण हा रेणू स्वतःच नॅनोमीटरभर मोठा. एकेरी नळीच्या तोंडातून तो आत शिरणं म्हणजे बोळातून पलंग नेण्यासारखं. शिवाय शिरायला तोंड उघडं हवं, आणि वाढवलेल्या नळ्यांची टोकं बहुधा बंद असतात.

मग औषध राहतं कुठे? बाहेर. नळीच्या अंगावर. डॉक्सोरुबिसिनच्या रेणूत चार कड्या ओळीनं जोडलेल्या आहेत, त्यातला बराचसा भाग सपाट. नळीचं अंग म्हणजेही कड्यांचीच जाळी. ओल्या काचेवर काच ठेवली की चिकटते तसे हे रेणू नळीच्या पाठीवर पालथे पडतात. रासायनिक बंध नाही, नुसती चिकटण. स्टॅनफर्डमध्ये होंगजिए दाई यांच्या गटानं २००७ मध्ये दाखवलं की १ ग्रॅम नळ्यांवर ४ ग्रॅमपर्यंत औषध बसतं. हमालाच्या चौपट वजन हमालाच्या पाठीवर. एकेरी नळीचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो, आत दडलेलं काही नाही, म्हणून हे जमतं. आणि सुटतं कसं, तेही छान आहे. रक्त किंचित अल्कधर्मी, ७.४ पीएच. नळी पेशीनं गिळली की ती ज्या पिशवीत जाऊन पडते तिथलं पाणी आंबट, पाचच्या आसपास. आंबटात या औषधाच्या अमाइन गटाला प्रोटॉन चिकटतो, औषध पाण्यात जास्त विरघळू लागतं आणि नळीची पाठ सोडतं. झाकणबिकण काही नाही.

हे सगळं माझ्या पडद्यावर दिसत नाही. औषध कार्बनचं, नळी कार्बनची, आणि ज्या जाळीदार पापुद्र्यावर नमुना ठेवतो तोही कार्बनचा. अमावास्येच्या रात्री काळं मांजर. फार तर नळीची कड जरा खरबरीत दिसते, ते औषध असेल, चिकटलेली घाण असेल किंवा आमच्याच पंपाचं तेल असेल. औषध बसलंय हे मुलांनी दुसरीकडे सिद्ध करायचं असतं. डॉक्सोरुबिसिन एरवी चमकतं, नळीला चिकटलं की त्याची चमक मरते. तो आलेख खरा पुरावा. पण आलेख मुखपृष्ठावर शोभत नाही.

आत भरलेलं दिसलंच नाही असंही नाही कुणाला. १९९८ मध्ये एकेरी नळीत साठ-साठ कार्बन अणूंचे गोल चेंडू एकापुढे एक बसलेले टेमखाली सापडले, अगदी मटाराच्या शेंगेतल्या दाण्यांसारखे, आणि त्यांचं नावही तेच पडलं. पुढे इजिमा ज्या गटात होते त्यांनी नळीच्याच भावकीतल्या, शिंगाच्या आकाराच्या पोकळ कार्बनमध्ये सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध भरलं. सिस्प्लॅटिनमध्ये प्लॅटिनम असतं, जड धातू, तो काळा ठिपका म्हणून उठून दिसतो. तेव्हा शेंगेत दाणे असू शकतात. आमच्याकडे आलेल्या शेंगांत मी तरी पाहिले नाहीत.

एका पोरानं मात्र मला हरवलं होतं. नमुना लावून दहा मिनिटं झाली नाहीत तोच तो ओरडला, "सर, केवढ्या नळ्या!" गाईडला फोनही लावला. मी पाहिलं तर त्याचा नमुना त्या जागी आलेलाच नव्हता. ज्याला तो नळ्या म्हणत होता ते नमुन्याखालच्या पापुद्र्याचेच धागे होते. ग्रिड असते ३ मिलिमीटरची, बारीक टिकलीएवढी, आणि तिच्यावर कार्बनची लेस ताणलेली असते. नवखा माणूस त्या लेसलाच भुलतो. दुसऱ्या एकानं २०० किलोव्होल्टचा झोत नळीवर एकाच जागी इतका वेळ रोखून धरला की भिंतीला भोकं पडली. साधारण ८६ किलोव्होल्टच्या पुढे इलेक्ट्रॉन कार्बनच्या अणूंना जाळीतून उडवून लावतात, म्हणून नळ्या ८० वर बघायच्या असतात. त्यानं त्या भोकांना बाण काढून खाली लिहिलं, "औषध बाहेर पडण्याची संभाव्य ठिकाणं". मी सांगितलं तेव्हा तो खट्टू झाला, पण बाण काढला.

टेम जे खरंखुरं दाखवतं त्यात कुणाला रस नसतो. नळी स्वच्छ आहे का? वाढवताना वापरलेल्या लोखंडाचे काळे गोळे टोकाशी राहिलेत का? कारण ते लोखंडच पेशींना त्रास देऊ शकतं. नळ्या सुट्या आहेत की शेवयांसारख्या गुंतल्यात? त्यांना पाणी अजिबात आवडत नाही, त्या एकमेकींनाच बिलगतात. म्हणून मुलं त्यांना गंधकाम्ल आणि नायट्रिक आम्लाच्या तीनास एक मिश्रणात घालून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये तासन्‌तास हलवतात. त्यात टोकं उघडतात, नळ्या तुटून आखूड होतात, कडांना आम्लगट लागतात. मग त्यावर पीईजीचे, म्हणजे पाण्याशी जमणाऱ्या एका पॉलिमरचे, केस लावले की नळी पाण्यात राहते. आणि शेवटचं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं: लांबी किती?

लांबीवर माझा एवढा जीव का, त्याला घरचं कारण आहे.

माझे बाबा सिमेंटचे पत्रे करणाऱ्या कारखान्यात २६ वर्षं होते. नाव लिहीत नाही. पत्र्यात सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉसचा धागा असतो. बाबा कामावरून आले की आधी दाराबाहेर शर्ट काढून दोनदा झटकायचे, मग आत. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजत घालायची आणि पाण्यावर राखाडी साय यायची, ती हातानं बाजूला सारून ती साबण लावायची. आम्हा भावंडांना ती साय बोटानं फिरवायला आवडायची. निवृत्तीनंतर त्यांना जिना चढताना दम लागू लागला. छातीच्या डॉक्टरांनी एक्सरे दिव्यापुढे धरला आणि फुप्फुसाच्या आवरणावरचे पांढरे डाग बघत विचारलं, "कामाला कुठे होतात?" आजार विचारायच्या आधी कारखाना विचारला.

२००८ च्या मे महिन्यात एडिंबराच्या केन डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. मी तो एका विद्यार्थ्याच्या प्रिंटवर वाचला, यंत्रात द्रव नायट्रोजन ओतून थंड व्हायची वाट बघत असताना. त्यांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत अनेक भिंतींच्या नळ्या सोडल्या होत्या. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नळ्यांनी फारसं काही केलं नाही. लांब, सरळ, ताठ नळ्यांनी मात्र लांब ॲस्बेस्टॉससारखाच दाह केला, दाहाच्या बारीक गाठी आणल्या. कारण ऐकायला साधं आहे. शरीरातली भक्षक पेशी परकं काही दिसलं की गिळते. पण तिची स्वतःची रुंदी १०-२० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). तिच्यापेक्षा लांब, न वाकणारा धागा आला की ती अर्धवट गिळून अडकते, शेवग्याची शेंग अख्खी गिळायला गेल्यासारखी. ना आत, ना बाहेर. मग ती आजूबाजूला दाहक रसायनं सांडत राहते. पेपरात दोन्ही धाग्यांचे फोटो होते. १८ वर्षांत एवढंच शिकलोय, की फोटो बघून काय आहे ते ओळखायचं. नावं झाकली असती तर मला ते दोन वेगळे सांगता आले नसते.

त्याच वर्षी पावसाळ्यात एका मुलानं आमच्या नमुना-खोलीत सुक्या नळ्यांची बाटली एसीच्या झोताखाली उघडली. काळा कापूस उडावा तसं झालं. त्याला हसू आलं. मी त्याला बाहेर काढलं, एसी बंद केला, आणि टेबल, फरशी, खुर्च्यांचे पाय सगळं ओल्या फडक्यानं पुसलं. झाडू घेऊन आलेल्या मावशींना हात लावू दिला नाही. त्या म्हणाल्या, "अवो, एवढं काय, काजळीच हाय." घरी गेल्यावर मी शर्ट बाहेर काढला. झटकला मात्र नाही, पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हवा ओढून घेणाऱ्या कपाटासाठी अर्ज दिला. सात महिन्यांनी एक स्टिकर मिळालं, "सावधान". कपाट यायला आणखी चार वर्षं लागली.

तेव्हापासून माझ्या बुकिंगच्या फॉर्मवर "धोका" असा एक रकाना आहे. मुलं त्यात "नाही" लिहितात.

पण म्हणून नळी वाईट, असं मला म्हणायचं नाही. उलट बाजूचा माझा सगळ्यात लाडका फोटो २००६ चा आहे, आणि तो उंदराच्या लघवीचा आहे! लंडनचे कोस्तास कोस्तारेलोस, स्ट्रासबुर्गचे अल्बेर्तो बियांको आणि त्रिएस्तेचे मॉरिझिओ प्रातो यांच्या गटांनी नीट रासायनिक कपडे घातलेल्या नळ्या उंदरांच्या शिरेत दिल्या. रक्तातलं त्यांचं प्रमाण तीनेक तासांत निम्म्यावर आलं. आणि मग त्यांनी लघवीचा थेंब ग्रिडवर ठेवून टेम केलं, तर त्यात अख्ख्या, न मोडलेल्या नळ्या! नळी शरीरात गेली आणि बाहेर आली, हे आमच्या यंत्रानं दाखवलं. पुढे २०१३ मध्ये कोस्तारेलोस यांच्या गटानं हेही दाखवलं की लांब नळ्यांचे गुंते रसायनानं सोडवून त्यांची लांबी प्रत्यक्षात कमी केली तर तो ॲस्बेस्टॉससारखा त्रास उरत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींतलं एक एन्झाइम एकेरी नळ्यांना हळूहळू कुरतडतं, हे २०१० मध्ये दिसलं होतंच. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, आयएआरसीनं, २०१४ मध्ये निवाडा केला तोही असाच तोलून: अनेक भिंतींच्या नळ्यांचा एकच विशिष्ट प्रकार "कदाचित कर्करोगकारक", बाकीच्यांबद्दल ठरवण्याइतका पुरावा नाही.

आणि औषध म्हणून त्या चालतातही, उंदरात. २००८ मध्ये दाईंच्याच गटानं पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध पीईजी लावलेल्या नळ्यांवर बसवलं, तर स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा दहापट औषध पोचलं. असं असूनही आज नळीवर बसवलेलं एकही औषध बाजारात नाही. लोक मला विचारतात, भीतीमुळे का? भीती आहेच. पण माझं मत विचाराल तर अडलंय ते सारखेपणावर. पॅरासिटामॉलचा रेणू पिंपरीत केला काय नि पॅरिसमध्ये केला काय, तोच. नळीचं तसं नाही. एकाच बाटलीतून काढलेल्या दोन थेंबांत मी जाडीला, लांबीला, भिंतींच्या संख्येला सारख्या अशा शंभर नळ्या कधी पाहिल्या नाहीत. ज्याचं वर्णन "साधारण एवढं" असंच करावं लागतं ते माणसाच्या शिरेत सोडायला परवानगी कोण आणि कशी देणार?

दरम्यान चरबीचे बुडबुडे पुढे निघून गेले. हेच डॉक्सोरुबिसिन चरबीच्या ८०-१०० नॅनोमीटरच्या पिशवीत भरून अमेरिकेत १९९५ मध्येच मंजूर झालं, डॉक्सिल नावानं. त्याचा गोठवून काढलेला टेम-फोटो बघण्यासारखा असतो. पिशवीत औषधाचे स्फटिक जमून मधोमध एक रेघ दिसते, हुबेहूब कॉफीची बी. तिथे औषध खरोखर आत आहे, आणि दिसतं! कोविडच्या एमआरएनए लसीही चरबीच्याच कणांतून टोचल्या गेल्या. भाचीला मी शेवटी तो कॉफीच्या बियांचा फोटो पाठवला. तिचं उत्तर: "हे तर बोअर आहे."

नळ्यांची रीघ आता ओसरली. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा नमुना येतो. गेल्या महिन्यात साताऱ्याकडची एक मुलगी आली. बाटलीत सुकी भुकटी नव्हती, पाण्यात मिसळलेल्या नळ्या होत्या. फॉर्म बघितला तर "धोका" रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: "सुकू देऊ नये. सांडल्यास ओल्या फडक्यानं पुसावं." मी विचारलं, आतला फोटो हवाय का? ती म्हणाली, "नाही सर, मला २०० नळ्यांची लांबी मोजायचीय."

मोजायला बसलो. एकेका नळीच्या टोकाशी क्लिक, दुसऱ्या टोकाशी क्लिक. १८०, २४०, १५०, ३१० नॅनोमीटर. आठ वाजले, बसचे धक्के थांबले, आकडे बरे येत होते. एकशे चाळिसाव्या नळीनंतर पडदा सरकवला तर एक धागा कोपऱ्यातून आला आणि फोटोच्या पलीकडे गेला. मागे जाऊन मोजला. ६ मायक्रॉन. आम्लातून वाचलेला, सुईसारखा ताठ. अशा वेळी मुलं पडदा सरकवतात, मीही काही बोलत नाही.

तिनं दोन सेकंद पाहिलं. मग फोटो घेतला, खाली स्केलबार टाकला आणि फाइलला नाव दिलं, "लांब-१".

"एक कशाला?" मी विचारलं.

"अजून सापडतील ना, सर."